पन्हाळा ते मसाई पठार अभ्यासभ्रमंती : एक अभिप्राय

गेल्या डिसेंबरात कोल्हापुरातील एका गिर्यारोहण गटाने काढलेल्या पन्हाळा ते मसाई पठार या एका दिवसाच्या भ्रमंतीत मी सहभागी झालो. 1660 साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून खाली उतरणाऱ्या ज्या राजदिंडीच्या वाटेने विशाळगडाकडे निघाले, ती वाट इतिहासासाठी तुडवणारे पुष्कळ आहेत. केवळ दगड पाहण्यासाठी तिथे नेणारे मला प्रथमच भेटले, म्हणून माणशी 800 रुपये भरले.

वाटेत जोतिबाचा डोंगर दिसताच कोणीतरी, हा जुना ज्वालामुखीच ना, असे विचारले. शंकूसारखा आकार पाहून तसे मानणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यावर भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मार्गदर्शकांनी समजावले, की सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा एखाद्या शिखराच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीच्या लांबलचक भेगांतून वर आला, थरावर थर पसरत गेला, आणि नद्या-ओढ्यांनी भोवतालचा भाग कोरून नेल्यावर जे उरले, त्यालाच आपण आज डोंगर म्हणतो.

हे राजदिंडी उतरताना पायांनाच कळते. घट्ट काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाचा, थर आला की कडा उभा राहतो, आणि वायूच्या पोकळ्यांनी भरलेला ठिसूळ थर आला की झाडोऱ्याचा उतार लागतो. माथ्यावर मात्र जांभा आहे: उष्ण, पावसाळी हवेत बेसॉल्ट कुजला, त्यातील सिलिका धुऊन गेली आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले. म्हाळुंग्याकडून मसाईवर चढताना हाच खरबरीत जांभा बुटाला चांगली पकड देतो. त्याचे सुटे खडे मात्र उतरताना गोळ्यांसारखे घरंगळतात, आणि मी दोनदा बसकण मारली.

तक्रार एकच, पण मोठी आहे. 42 माणसांमागे बोलणारा एक, तोही ध्वनिवर्धकाशिवाय. त्यामुळे मागच्या निम्म्या लोकांना फोटो काढण्यापलीकडे काही मिळाले नाही. मी पुढे रेटून उभा राहिलो, म्हणून माझे पैसे वसूल झाले. म्हाळुंग्यातील झुणका-भाकरीला नाव ठेवायला जागा नव्हती.

नोंदणी करण्याआधी गटात किती माणसे आहेत हे विचारून घ्यावे, आणि पठारावर सावली नसल्याने निदान 3 लिटर पाणी बरोबर ठेवावे.