ओल्या स्पंजचा हॉलिडे डिटेक्टर: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

लोटे-परशुरामच्या केमिकल पट्ट्यात टाक्यांच्या आतलं इपॉक्सी लायनिंग, म्हणजे धातूवरचा संरक्षक थर, तपासणं हे माझं रोजचं काम. त्या थरातली ‘हॉलिडे’, म्हणजे लेप सुटलेली जागा किंवा बारीक भोक, शोधणारा आणि ९, ६७.५ आणि ९० व्होल्टवर चालणारा हा डिटेक्टर पूर्ण पावसाळाभर वापरला. ५०० मायक्रॉनपर्यंतच्या कोटिंगसाठी डोळे मिटून घ्या, असंच म्हणेन.

तत्त्व सोपं आहे. अर्थची क्लिप उघड्या लोखंडाला लावायची आणि ओला स्पंज कोटिंगवरून फिरवायचा. आरपार पिनहोल (टाचणीएवढं भोक) असेल तिथे पाणी धातूला टेकतं, सर्किट पूर्ण होतं, बीप वाजतो. टॉर्च मारून पाहिलं तर चकचकीत दिसणारं लायनिंग शेलच्या (टाकीच्या भिंतीच्या) उभ्या वेल्डवर आणि नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) कडांवर हमखास बीप देतं. ब्लास्टिंगआधी (वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने धातू साफ करण्याआधी) वेल्डचे स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) घासले नसतील, स्ट्राइप कोट (वेल्ड आणि कडांवर ब्रशने मारलेला जादा हात) मारला नसेल, तर तिथे पेंट टिकतच नाही.

खरं कसब स्पंज पिळण्यात आहे. पाणी गळायला लागलं की ओघळ खालच्या पिनहोलपर्यंत जातो आणि बीप भलत्याच जागी वाजतो. म्हणून एक पिनहोल सापडलं की जागा कोरडी पुसायची, स्पंजच्या टोकाने नेमका ठिपका शोधायचा, खडूने गोल करायचा आणि मगच पुढे सरकायचं. तेलकट मार्कर नको, त्यावर पॅच धरत नाही. सेकंदाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त वेग नको. २५० मायक्रॉनच्या वर पाण्यात थोडं वेटिंग एजंट (पाणी नीट पसरवणारं द्रव्य) घालावं लागतं, पण दुरुस्तीआधी ते स्वच्छ धुवा. सुरू करण्यापूर्वी स्पंज एकदा उघड्या धातूला टेकवून बीप ऐका. क्लिप गंजावर बसली असेल तर अख्खी टाकी खोटी पास होते, आणि त्याचं गळतं पुढे कुणाच्या तरी जिवावर येतं.

कोकणातल्या पावसात कोटिंगवर दव धरतं. ते न पुसता टेस्ट घेतली की रिडिंगवर भरवसा उरत नाही. सॉल्व्हंटचा वास असताना तर यंत्र टाकीत नेऊच नका.

तक्रार एकच, क्लिपची स्प्रिंग लवकर ढिली पडली.

पातळ राहिलेला थर किंवा सुटलेली पकड हा दाखवत नाही, त्यासाठी डीएफटी गेजने सुक्या थराची जाडी मोजणं आणि पुल-ऑफ टेस्टने (थर ओढून) पकड तपासणं वेगळं करावं लागतं. रबर लायनिंगसारख्या जाड थरासाठी हाय व्होल्टेजचा स्पार्क टेस्टरच घ्या. त्याचा व्होल्टेज मात्र जाडीनुसार ठरवा, नाहीतर चांगलं लायनिंगच फुटतं.