पिकअपच्या हूडची ताडपत्री: ६५० जीएसएम सांगून ४०० चे कापड

निफाड, येवला, चांदवड या पट्ट्यात कांद्याची वाहतूक करणाऱ्या पिकअपला पावसाळ्यात हूड असणे ही चैन नव्हे. लासलगावला कांद्याचा लिलाव उघड्या गाडीवर होतो. व्यापारी हौद्यातला कांदा हातात घेऊन पाहतो, आणि तो भिजलेला दिसला की बोली तिथल्या तिथे खाली येते. त्यामुळे साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा जूननंतर बाजारात न्यायचा असला की गाडीमालकांची ताडपत्रीच्या दुकानांत एकच गर्दी होते, आणि नेमक्या याच घाईवर काही दुकानदार डोळा ठेवून असतात. मी माझ्या बोलेरो पिकअपसाठी लोखंडी कमानी आणि वर काढता-घालता येणारे कापड असा हूड करून घेतला. त्या व्यवहारात काय झाले, ते इतर गाडीमालकांच्या उपयोगी पडावे म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

दुकानदाराने नमुना म्हणून हातात दिलेला तुकडा अस्सल होता. पॉलिएस्टरच्या विणीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर होता आणि तुकडा घट्ट दुमडला तरी घडीवर पांढरी रेघ उमटत नव्हती. हा ६५० जीएसएमचा माल आहे, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ६५० ग्रॅम भरते, सांधे शिवलेले नसून गरम हवेने चिकटवलेले असतात, रिंगा पितळी असतात आणि तीन वर्षांची गॅरंटी आहे, असे त्याने सांगितले. "भाऊ, एक वेळ गाडी विकाल, पण ही ताडपत्री विकणार नाही," हे त्याचे शब्द. दर चौरस फुटाला २२ रुपये आणि माप १४ बाय १२ फूट, म्हणजे १६८ चौरस फुटांचे ३,६९६ रुपये. कमानी आणि बसवणीचे पैसे वेगळे.

पहिल्याच मोठ्या पावसात हौद्याच्या मधोमध एका सरळ रेषेत पाणी ठिबकले. वर चढून पाहिले, तेव्हा दोन पट्ट्यांचा सांधा चिकटवलेला नसून साध्या दोऱ्याने शिवलेला निघाला. पीव्हीसीच्या थराला सुईने पाडलेले प्रत्येक भोक पाणी आत घेते, आणि कापड ताणले गेले की ते आणखी रुंद होते. त्यात ठरलेल्या पाच कमानींऐवजी तीनच बसवलेल्या असल्यामुळे मधल्या जागेत कापडाला झोळ पडून पाणी साचत होते, आणि शिलाईवर त्या साचलेल्या पाण्याचा भार येत होता. दुकानदाराचा सल्ला असा की शिलाईवर मेण घासावे.

शिलाई डोळ्यांना दिसली, पण खरी लबाडी काट्यावर उघड झाली. ताडपत्री उतरवून, पूर्ण वाळवून मोजली तेव्हा ती साडेतेरा बाय साडेअकरा फूट भरली, म्हणजे १५५ चौरस फुटांच्या किंचित वर. सुमारे १३ चौरस फुटांचे पावणेतीनशेहून अधिक रुपये इथेच गेले. यावर दुकानदाराचे उत्तर तयार होते: १४ बाय १२ हे कापण्याचे माप, कडा दुमडताना तेवढे जातेच. ही पद्धत या व्यापारात सर्रास आहे, म्हणून माप सांगताना ते तयार मालाचे आहे की कापण्याचे, हे आधीच विचारून घ्यावे. त्यानंतर वजन केले. १५५ चौरस फूट म्हणजे साधारण १४.४ चौरस मीटर, कारण एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट असतात. ६५० ग्रॅमच्या हिशेबाने ही ताडपत्री सव्वानऊ किलोंच्या वर भरायला हवी होती. काट्याने दाखवले ५ किलो ९०० ग्रॅम. म्हणजे चौरस मीटरला जेमतेम ४१० ग्रॅम, आणि तेही कडेची दुहेरी घडी, आतली दोरी आणि रिंगा धरून. हा हिशेब किराणा दुकानातल्या काट्यावरसुद्धा करता येतो, आणि विकत घेण्याआधी तो करायला जो दुकानदार नकार देतो, त्याच्याकडून ताडपत्री घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वजन भरले म्हणजे माल चांगलाच, असेही नाही. स्वस्त पीव्हीसीत खडूची भुकटी मिसळून वजन वाढवता येते. असे कापड नखाने दाबून दुमडले की घडीवर पांढरे पडते आणि पुढे तिथेच तडकते. मला मिळालेले कापड हलके तर होतेच, शिवाय पांढरेही पडत होते. पॉलिथिनची ताडपत्री पीव्हीसी म्हणून विकणारेही आहेत. त्यासाठी कडेचा लहानसा तुकडा पाण्यात बुडवून सोडावा: पॉलिथिन तरंगते, पीव्हीसी तळाला जाते. रिंगांना लोहचुंबक लावून पाहावे. माझ्या 'पितळी' रिंगांना तो चटकन चिकटला.

पावतीवर फक्त 'ताडपत्री, १ नग' आणि एकूण रक्कम होती. जीएसएम, माप, सांध्याचा प्रकार किंवा गॅरंटी यांपैकी एक अक्षर नव्हते, आणि खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे मात्र ठळक छापलेले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. गाडी धंद्याची असल्याने तुम्ही ग्राहक ठरत नाही, असेही मला ऐकवण्यात आले. ते अर्धसत्य आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात व्यापारी हेतूची मानली जात नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मी मोजमाप, वजनाची चिठ्ठी, शिलाईची छायाचित्रे आणि पावतीची प्रत जोडून लेखी नोटीस पाठवली. त्यानंतर दुकानदाराने कापड बदलून दिले. ते शेजारच्या काट्यावर तोलून घेतले आणि नव्या पावतीवर '६५० जीएसएम, तयार माप १४ बाय १२, चिकटवलेले सांधे' असे लिहून, त्यावर दुकानाचा शिक्का घेतला. उरलेल्या दोन कमानीही बसवल्या. परंतु कारागिरांनी पहिल्या खेपेला ताडपत्री अडकवायचे लोखंडी आकडे बसवण्यासाठी हौद्याच्या पत्र्याला आरपार भोके पाडून, ना प्रायमर ना रबरी वायसर, तशीच सोडली होती आणि तिथे गंज धरू लागला होता. ते काम मला दुसरीकडे पैसे देऊन करून घ्यावे लागले, आणि तो खर्च द्यायला दुकानदार अजून तयार नाही.