खोक्यातून आलेले चोवीस शब्द

८ डिसेंबर २०२४, रविवार. पहाटे तीन वाजून एक्कावन्न मिनिटांनी माझे ०.११ बिटकॉइन गेले. त्या दिवशीच्या भावाने नऊ लाखांच्या वर. ज्या हार्डवेअर वॉलेटच्या (बिटकॉइनची किल्ली जपणाऱ्या छोट्या यंत्राच्या) भरवशावर मी ते ठेवले होते, ते त्या वेळी कपाटाच्या लॉकरमध्ये, सोन्याच्या डबीशेजारी बंद करून ठेवलेलं होतं. केबल काढलेली, नेटचा संबंध नाही, पिन माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तरीही गेले. कसे गेले हे समजायला मला चार दिवस लागले. हे लिहिते आहे, कारण ज्या खोक्यातून ते गेले तसली खोकी अजूनही विकली जात आहेत.

मी नाशिकमध्ये सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. घर पाथर्डी फाट्याला. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं, बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांसाठी सेवा द्यायला बंदी करणारं परिपत्रक रद्द केलं, त्यानंतर काही महिन्यांनी मी एका एक्स्चेंजवर (बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारावर) खातं उघडलं आणि महिन्याला पाच हजार टाकू लागले. भाव पडला तरी टाकले, चढला तरी टाकले. माझे पावणेतीन लाखांच्या आसपास गुंतले असतील. मुलगी दहावीत आहे, तिच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला हे मोडायचं असं ठरलेलं होतं. झटपट पैसा करायचा हव्यास मला कधीच नव्हता, हे मुद्दाम सांगते. कारण फसलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा हेच चिकटवतात.

जुलै २०२४ मध्ये देशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजवर दरोडा पडला आणि लोकांचे पैसे अडकले. माझे तिथे नव्हते, पण झोप उडाली. ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांचं एकच उत्तर: एक्स्चेंजवर ठेवू नका, हार्डवेअर वॉलेट घ्या. हा सल्ला अगदी बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. मी चुकले ते यंत्र कुठून घेतलं, तिथे.

एका मराठी टेलिग्राम ग्रुपमध्ये मी वर्षभर होते. तिथे एक जण नेहमी लोकांच्या शंकांना नीट, न चिडता उत्तरं द्यायचा. पुण्याचा आहे म्हणायचा. कंपनीकडून थेट मागवलं तर कस्टम धरून चौदा हजारांच्या घरात जाणारं यंत्र तो साडेआठ हजारांना देत होता. म्हणाला, "ताई, दुबईहून लॉट आलाय, सीलबंद आहे. सील बघून घ्या, तुटलेलं वाटलं तर पैसे परत." मी यूपीआयने पैसे पाठवले. पाचव्या दिवशी कुरिअर आलं.

खोकं अगदी नवं होतं. वरचं पातळ प्लास्टिक ताणून बसवलेलं, कोपरे धारदार. मी आणि यजमानांनी ते बॅटरीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिलं. आत यंत्र, केबल, कंपनीच्या नावाची माहितीपुस्तिका आणि एक जाड चकचकीत कार्ड. कार्डावर चोवीस आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे चांदीच्या रंगाची पट्टी. खाली छापलेलं: ही पट्टी फक्त मालकाने खरवडावी, शब्द कुणालाही दाखवू नयेत.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रुपयाच्या नाण्याने त्या पट्ट्या एकेक करून खरवडल्या. करडी भुकटी मेणकापडावर पडत होती. खालून इंग्रजी शब्द निघत होते, साधे, शाळेतल्या पुस्तकातले. मुलीला मी त्या वेळी खोलीत येऊ दिलं नाही, इतकी मी काळजी घेत होते.

हे कार्ड मला संशयास्पद का वाटलं नाही, यावर मी फार विचार केला आहे. आपल्या पिढीने बँकेचा एटीएम पिन बंद पाकिटातूनच घेतला. मोबाइलचं रिचार्ज कूपन खरवडूनच घेतलं. सिमकार्डाचा पीयूके नंबरही छापूनच यायचा. गुप्त आकडा कंपनी पाठवते, आपण तो खरवडतो, लपवतो. हे आपल्या हाताला इतकं सवयीचं आहे की त्या कार्डावर उलट माझा विश्वासच बसला. ज्याने ते छापलं त्याला आपली ही सवय पक्की ठाऊक होती.

आता मुख्य गोष्ट. हार्डवेअर वॉलेटमध्ये बिटकॉइन नसतात. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक नोंदवहीत असतात. यंत्रात असते ती किल्ली, आणि ती किल्ली तयार होते या शब्दांपासून. २०४८ इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे, बहुतेक मोठ्या कंपन्या तीच वापरतात. नवं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की ते स्वतःच्या आत यादृच्छिक आकडे काढतं आणि त्यावरून त्या यादीतले बारा किंवा चोवीस शब्द आपल्या छोट्या पडद्यावर दाखवतं. ते शब्द तोपर्यंत जगात कुठेही नसतात. कंपनीकडेही नसतात. ते आपण हाताने कागदावर उतरवायचे. म्हणूनच कंपनीच्या खोक्यात जे कार्ड येतं ते कोरं असतं. आणि ज्याच्याकडे ते शब्द आहेत तो जगात कुठेही बसून, दुसऱ्या कुठल्याही यंत्रात किंवा फोनवरच्या ॲपमध्ये ते टाकून तेच वॉलेट उघडू शकतो. त्याला तुमचं यंत्र लागत नाही, तुमचा पिनही लागत नाही. पिन फक्त तुमच्या हातातल्या त्या डबीचा.

यंत्राने मला सावध करायचा प्रयत्न केला होता. सुरू केल्यावर पडद्यावर दोन पर्याय आले: नवीन यंत्र म्हणून सुरू करा, किंवा आधीच्या शब्दांवरून परत आणा. खोक्यातली पुस्तिका सांगत होती, दुसरा पर्याय निवडा आणि कार्डावरचे शब्द भरा. 'परत आणा' म्हणजे ज्याचं आधीचं वॉलेट आहे त्याच्यासाठी. माझं आधीचं काही नव्हतंच. मी एक क्षण थांबलेही होते. पण पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं होतं, म्हणून पुढे गेले. एकेक अक्षर बटणाने निवडत चोवीस शब्द भरायला पाऊण तास लागला.

कंपनीच्या अधिकृत सॉफ्टवेअरने यंत्र तपासलं आणि अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. तो खोटा नव्हता. यंत्र खरोखरच अस्सल होतं. विकणाऱ्याने यंत्राला हातही लावला नव्हता. खोकं उघडून फक्त कार्ड आणि पुस्तिका बदलली होती आणि नवं प्लास्टिक चढवलं होतं. त्यामुळे सील आणि अस्सलपणाची तपासणी, ज्या दोन गोष्टींवर सगळे भर देतात, त्या दोन्ही मी केल्या आणि दोन्हीतून मला काही कळलं नाही.

तिसरी खबरदारीही घेतली. २४ नोव्हेंबरला आधी थोडेसेच, ०.००५ पाठवून पाहिले. आले. दोन आठवडे तिथेच राहिले. रोज बघत होते. आता वाटतं, त्याच्याकडे अशा कितीतरी कार्डांच्या पत्त्यांवर (ब्लॉकचेनवरचे पत्ते, खाते क्रमांकासारखे) नजर ठेवणारी व्यवस्था असणार, आणि चिल्लर उचलून मला जागं करायची त्याला घाई नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेला. एवढी रक्कम एक्स्चेंजवर ठेवायची भीती आणखी वाढली. ७ तारखेला शनिवारी मी उरलेलं सगळं पाठवलं. रात्री पोचलं. यंत्र लॉकरमध्ये ठेवून निवांत झोपले.

सकाळी चहा ठेवून फोनवर सहज बघितलं तर शिल्लक शून्य. मला वाटलं नेट गंडलंय. यजमानांनी त्यांच्या फोनवर पत्ता टाकून ब्लॉकचेनवर पाहिलं. तिथे स्वच्छ दिसत होतं: सगळी रक्कम एका फटक्यात बाहेर, व्यवहार पक्का झालेला. डिसेंबरची सकाळ, आणि मला दरदरून घाम फुटला होता. ते म्हणाले, "अगं, यंत्र जाग्यावर आहे का बघ." यंत्र जाग्यावरच होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली, सोमवारी शहरातल्या सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, खोकं-बिकं फेकलं नाही ना?" मी सगळं जपून ठेवलं होतं: कुरिअरची पिशवी, खोकं, कार्ड, चॅट. ग्रुपमधल्या त्या माणसाने मला ब्लॉक केलं होतं आणि चॅट दोन्हीकडून पुसायला सुरुवात केली होती, पण मी आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. तुमच्यावर वेळ आली तर हे सगळ्यात आधी करा, रडणं नंतर. व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरचा त्याचा ओळख क्रमांक), दोन्ही पत्ते आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक एका कागदावर लिहून न्या; नाहीतर तक्रार लिहून घेणाऱ्यालाही धागा सापडत नाही.

यूपीआयचं खातं दुसऱ्याच कुणाच्या नावावर, भाड्याने घेतलेलं निघालं. बँकेतून पैसे गेले असते तर १९३० वर लवकर कळवल्याने ते पुढच्या खात्यात गोठवता आले असते. इथे मध्ये बँकच नाही. ते बिटकॉइन एखाद्या नियमात चालणाऱ्या एक्स्चेंजवर आले तर पोलीस तिथे पत्र देऊ शकतात, एवढीच आशा आहे. तपास चालू आहे.

त्या आठवड्यात मी ग्रुपवर माझी हकीकत टाकली, तर तासाभरात तीन जणांचे निरोप आले: गेलेले कॉइन परत आणून देतो. एकाने ब्लॉकचेनचे नकाशे दाखवले, माझ्या व्यवहाराचा खरा हॅश दाखवला (तो कुणालाही दिसतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही) आणि अठरा हजार घेतले. मग म्हणाला, आणखी चाळीस लागतील. यजमानांनी फोन हातातून काढून घेतला म्हणून थांबले. पक्का झालेला व्यवहार कुणीही उलटवू शकत नाही. एकदा फसलेल्यांची यादी या लोकांकडे लगेच पोचते.

जानेवारीत माझ्या भावाने थेट कंपनीच्या साइटवरून यंत्र मागवलं, कस्टम भरून. मी शेजारी बसून ते सुरू करताना पाहिलं. पत्ता त्याने स्वतः टाइप केला, सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक केलं नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्येसुद्धा लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या सॉफ्टवेअरची नक्कल शिरली होती आणि लोकांचे लाखो डॉलर गेले होते. कार्ड कोरं निघालं. शब्द यंत्राच्या पडद्यावर एकेक करून आले, त्याने ते पेनाने लिहिले, यंत्राने ते परत विचारून घेतले. फोटो काढला नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलासुद्धा पाठवले नाहीत. मग थोडी रक्कम पाठवली आणि मुद्दाम तीनदा चुकीचा पिन घालून यंत्र पुसून टाकलं. त्याचं यंत्र तीन चुकांत पुसलं जातं, काहींना जास्त लागतात. आपल्या कागदावरून परत आणलं, रक्कम दिसली, तेव्हाच बाकीची पाठवली. पाठवताना पत्ता संगणकावरचा न मानता यंत्राच्या पडद्यावर अक्षर अन् अक्षर जुळवला, कारण कॉपी केलेला पत्ता बदलणारे व्हायरस असतात. हे सगळं दीड तासाचं काम आहे.

कुणाच्या खोक्यात शब्द आधीच छापलेले आले असतील, खरवडून निघालेले, पाकिटात बंद, किंवा विकणाऱ्याने 'तुमच्यासाठी सेट करून दिलंय' म्हणून दिलेले, आणि पैसे अजून जागेवर असतील, तर पिन बदलून काही होणार नाही. नवे शब्द करा, नवा पत्ता घ्या आणि आज रात्रीच रक्कम हलवा.

फेब्रुवारीत ओझरच्या एका ताईंचा फोन आला. त्याच ग्रुपमधून, त्याच माणसाकडून त्यांनी नोव्हेंबरमध्ये यंत्र घेतलं होतं, त्यात थोडीच रक्कम होती आणि पुढच्या आठवड्यात मोठी टाकणार होत्या. मी त्याच संध्याकाळी गाडी काढली. यंत्र पूर्ण पुसलं, नव्याने सुरू केलं, पहिला पर्याय निवडला. त्यांनी मुलाच्या वहीच्या पानावर चोवीस शब्द लिहिले. तेवढ्या वेळात जुन्या शब्दांवरची रक्कम निघून जाईल की काय म्हणून माझे हात थरथरत होते. जुने शब्द एका जुन्या फोनवर टाकून आम्ही ती नव्या पत्त्यावर पाठवली. अकरा चाळीसला व्यवहार पक्का झाला. त्यांचं खरवडलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात नेऊन दिलं. कागद तोच, छपाई तीच, शब्द वेगळे.