डी.एड. विशेष शिक्षण (बौद्धिक अक्षमता): पहिल्या वर्षानंतरचा अनुभव

जळगाव जिल्ह्यात राहून मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याचा हा दोन वर्षांचा कोर्स करते आहे. पहिलं वर्ष झालं, आता दुसऱ्या वर्षाचा सराव चालू आहे. बारावीनंतर 'स्पेशल डी.एड.' करू की नको, असं विचारणाऱ्या मुली आमच्या भागात खूप आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

आधी माझं मत. कोर्स घ्यावा असा आहे, पण त्याचा जीव सरावात आहे. ज्या संस्थेला जोडलेल्या शाळेत रोज खरी मुलं येतात, तिथेच प्रवेश घ्या.

पहिल्या सत्रात सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती एफएसीपी. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ही तपासणी सूची. स्वतःची कामं, सामाजिक वागणं, अभ्यास, व्यवसायाची तयारी आणि करमणूक अशा भागांत मुलाला काय काय येतं ते त्यात नोंदवायचं. फक्त हो-नाही लिहून भागत नाही. स्वतः करतो, खूण केली की करतो, तोंडी सांगावं लागतं, की हात धरून करून घ्यावं लागतं, हे वेगवेगळं लिहायचं. एका पातळीवरच्या ८० टक्के गोष्टी जमल्या की मूल पुढच्या पातळीवर जातं. यात एक नोंद अशी आहे की 'संधीच मिळालेली नाही'. माझ्या मते या कोर्सने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. येत नाही आणि कधी करूच दिलं नाही, यांतला फरक मी त्या रकान्यामुळे बघायला शिकले.

सरावाच्या वर्गात डाऊन सिंड्रोम असलेला चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे. तापीकाठचं गाव, घरची केळीची बाग. गृहभेटीला गेले तर ओसरीवर घड पडलेले, आणि आजी केळं सोलून, तुकडे करून त्याच्या तोंडात घालत होत्या. फार माया. पण न सोललेलं केळं त्याच्या हातात आजवर कुणी दिलंच नव्हतं.

मग कार्य विश्लेषण, म्हणजे एक काम लहान लहान पायऱ्यांत तोडणं, कामी आलं. केळं धरणं, देठ वाकवून मोडणं, सालीची पहिली पट्टी ओढणं, दुसरी, तिसरी, खाणं, साल बादलीत टाकणं. शिकवायला मी शेवटाकडून सुरुवात केली. पहिले काही दिवस बाकी सगळं मी करायचे आणि शेवटची पट्टी त्याच्यासाठी ठेवायचे. ती ओढली की केळं लगेच खायला मिळायचं, म्हणजे बक्षीस कामातच होतं. ते जमल्यावर दोन पट्ट्या, मग तीन. आधी हातावर हात, मग फक्त कोपराला स्पर्श, मग बोटाने खूण. देठ मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्याच्या बोटांत जोर कमी आहे, म्हणून मध्ये कणीक मळण्याचा सराव घेतला. आता तो पूर्ण केळं सोलतो आणि आजींनाही सोलून देतो. आजी आता त्याचा शर्टही त्यालाच घालू देतात. घरातलं हे बदलणं मला वर्गातल्या कोणत्याही पाठापेक्षा मोलाचं वाटतं.

भाषेचंही बघा. पुस्तकातला नमुना प्रश्न 'हे काय आहे?' असा. घरी अहिराणीच ऐकलेलं मूल त्यावर गप्प बसतं. तेच चित्र दाखवून 'हाई काय शे?' विचारलं की पटकन उत्तर देतं. पहिली नोंद तशीच ठेवली असती तर त्याला शिकवण्याची पूर्ण योजना चुकीच्या पातळीवर बसली असती. नंदुरबारला शिकणारी माझी मैत्रीण धडगावकडच्या मुलांची तपासणी करताना तिथली पावरी बोली बोलणारी मदतनीस सोबत घेते. हे अभ्यासक्रमात ठळकपणे असायला हवं, आणि खान्देशातल्या संस्थांनी तर यासाठी वेगळा तास ठेवला पाहिजे.

वर्तन बदलाचा विषयही उत्तम. वर्गातली एक मुलगी लिहायला बसवलं की स्वतःचा हात चावायची, आणि घाबरून सगळे वही उचलून न्यायचे. आधी काय घडलं, वर्तन काय, नंतर काय मिळालं, असं रोज लिहिल्यावर कळलं की हात चावला की काम थांबतं, हे ती शिकली होती. आम्ही काम लहान केलं आणि 'थांबूया' असं चित्रकार्ड दाखवायला शिकवलं. चावणं खूप कमी झालं.

आता उणिवा. फायली आणि तक्ते सजवण्यात फार वेळ जातो. मराठीत चांगली पुस्तकं कमी, हिंदी-इंग्रजीवर भागवावं लागतं. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण बरेचसे व्याख्येपुरतेच होतात. स्वमग्नतेला आणखी वेळ हवा. पालक तर सगळ्यात आधी कागदपत्रांचंच विचारतात: प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), निरामय योजनेतला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे खेड्यात बऱ्याच घरांत माहीत नसतं. ते तुम्हालाच सांगावं लागतं, म्हणून स्वतःहून वाचून ठेवा.

नोकरी विशेष शाळांत आणि समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत मिळते. अभियानातली पदं बहुतेक कंत्राटी, आणि पगार कामाच्या मानाने कमी. याचा मला मनापासून राग येतो, कारण या मुलांना सारखा शिक्षक बदलणं सोसत नाही.

भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना हे काम करणं गुन्हा आहे. ही नोंदणी परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून कोर्स केला तरच मिळते, त्यामुळे मान्यता नसलेल्या संस्थेतून केलेला कोर्स काही कामाचा नाही. ओळखीतल्या एका मुलीच्या संस्थेत संलग्न शाळा फक्त कागदावर होती, तिचं सरावाचं वर्ष वाया गेलं. फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेची मान्यता तुमच्या तुकडीपर्यंत आहे का ते बघा, आणि न कळवता एक सकाळ त्या शाळेत जाऊन किती मुलं बसली आहेत ते स्वतः पाहून या.