अमूल, जनऔषधी की कपड्यांचा ब्रँड: बडोद्यात गाळा अडकवण्याआधी

मांजलपुरात किंवा कारेलीबागेत दीडशे चौरस फुटांचा गाळा बघितलाय, हाताशी चार-पाच लाख आहेत. मग फ्रँचायझीची फी किती, हा प्रश्न दुसरा. पहिला असा की गल्ल्यातल्या शंभर रुपयांत आपले किती, आणि पडून राहिलेला माल कोणाच्या गळ्यात.

अमूलचं छोटं आउटलेट यात सगळ्यात स्वस्त. जागा १०० ते १५० चौरस फूट, खर्च साधारण २ लाख. त्यात २५,००० अनामत, तीही परत न मिळणारी. बाकी पैसा सजावट आणि फ्रीझरमध्ये जातो. रॉयल्टी, म्हणजे ब्रँडला विक्रीतून द्यायचा वाटा, नाही; माल ठोक विक्रेता दुकानात आणून देतो. मेख कमिशनमध्ये आहे: पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, लोणी-चीजवर १०, आइसक्रीमवर २०. रोजचा गल्ला ८,००० धरा; दूध ५,०००, लोणी-चीज २,०००, आइसक्रीम १,०००. हातात येतात १२५, २०० आणि २००, म्हणजे ५२५. महिन्याचे पावणेसोळा हजार, त्यातून भाडं आणि विजेचं बिल. भाड्याच्या गाळ्यात नुसत्या दुधावर हे निभत नाही. मीटर व्यावसायिक आहे का, मंजूर भार पुरतो का, हेही आधीच बघा. मे महिन्यात तीन-चार तास फ्रीझर बंद पडला की कप मऊ होतात. पुन्हा गोठले तरी आत बर्फाचे खडे. असा कप गिऱ्हाईक एकदाच घेतं.

अमूलच्याच ३०० चौरस फुटांच्या स्कूपिंग पार्लरला, म्हणजे आइसक्रीम वाढून देणाऱ्या दुकानाला, ५-६ लाख लागतात. स्कूप आणि शेकवर ५० टक्के सुटतात, पण पगारी माणूस ठेवावा लागतो.

जनऔषधी केंद्र म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान. त्याला १२० चौरस फूट जागा आणि अर्जाचे ५,००० लागतात; करापूर्वीच्या छापील किमतीवर २० टक्के सुटतात. म्हणजे ८,००० च्या विक्रीत १,६००. ऐकायला तिप्पट. पण इथली औषधं निम्म्याहून स्वस्त, त्यामुळे तेवढा गल्ला जमायला बिलंही दुपटीहून जास्त फाडावी लागतात. औषध परवान्यासाठी नोंदणीकृत फार्मासिस्ट हवाच. घरात कोणी नसेल तर त्याचा पगार आधी वजा करा. रक्तदाब-मधुमेहाची दरमहा गोळी घेणारी ज्येष्ठ मंडळी आसपास असतील, तरच हे चालतं.

कपड्यांच्या खासगी ब्रँडला हा गाळा पुरणारच नाही. तरी हिशेब बघा: फी ५ लाख सांगितली तर १८ टक्के जीएसटी धरून ५.९० लाख. रॉयल्टी नफ्यावर नाही, विक्रीवर. ४ लाखांच्या विक्रीवर ६ टक्के म्हणजे २४,०००, करासह २८,३२०. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांनी विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेत असाल तर त्या कराची वजावट नाही. 'पूर्ण सपोर्ट' या शब्दाला काही किंमत नाही. न खपलेला माल किती टक्के, किती दिवसांत परत घेणार, हे करारात लिहून घ्या. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात नसेल ते कोणी देत नाही.

अमूलच्या नावाने पैसे उकळणाऱ्या खोट्या वेबसाइट आहेत. कोणाच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही भरू नका. आणि घरमालक अकरा महिन्यांचाच भाडेकरार देत असेल, तर पाच वर्षांच्या फ्रँचायझी करारावर सही करण्याआधी त्याच्याशी बोलणी उरका.