संकरित टोमॅटोच्या नावाखाली ४,८६० रुपयांना गंडा : गच्चीवर बाग करणाऱ्या सोलापूरकरांनो, हे वाचा

४,८६० रुपये गेले. बियाण्याची सहा पाकिटं १,०८०, 'जिवाणू कल्चर'च्या (जिवाणू खताच्या) दोन बाटल्या ७८०, आणि वांग्यावर कलम केलेल्या वीस टोमॅटो रोपांचं आगाऊ बुकिंग ३,०००. यातला एक रुपयाही परत मिळालेला नाही. लिहितेय ते एवढ्याचसाठी की कृषी प्रदर्शनात मला हे विकणारा तो माणूस, नाहीतर त्याचा दुसरा भाऊबंद, पुढच्या प्रदर्शनात परत टेबल मांडून बसणार आहे.

आधीच सांगते, मी नवखी नाही. जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर वांगी, मिरच्या, दोडका, घेवडा मी कितीतरी वर्षं लावतेय. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून झाडं जगवते. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा शेडनेटखाली रोपं टिकवून दाखवलीत. तेव्हा 'हाव सुटली म्हणून फसली' असं कुणी म्हणू नये. तो माणूस बोलत होता ते निम्मं खरं होतं, आणि फसवणारे असंच बोलतात.

कृषी प्रदर्शन होतं. ट्रॅक्टर आणि ठिबकचे मोठे स्टॉल संपल्यावर कडेला त्याचं टेबल. मागं घोसाघोसांनी लगडलेल्या टोमॅटोचं फ्लेक्स, त्यावर 'अर्का रक्षक' असं ठळक. हा वाण खोटा नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा तो संकरित वाण आहे. लीफ कर्ल (पानं वळण्याचा रोग), जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना तोंड देणारा. एका झाडाला १८-१९ किलो टोमॅटो निघाल्याच्या बातम्याही येऊन गेल्यात. त्या संस्थेचा यात काही दोष नाही, याने नुसतं नाव चोरलं. पण तो आकडा शेतातला, खतपाणी वेळेवर मिळालेल्या, मांडवावर बांधलेल्या झाडाचा. हा म्हणाला, "मावशी, कुंडीत लावा नाहीतर रंगाच्या डब्यात लावा, अठरा किलो घ्या. एकदा लावून तर बघा की!"

पाकिटात दहा बिया, किंमत १८० रुपये. म्हणजे एक बी १८ रुपयांना. महाग का, म्हटल्यावर त्यानं सांगितलं की संकरित बियाणं करायला प्रत्येक फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढावे लागतात आणि परागकण हातानं लावावे लागतात. हेही खरंच आहे हो! पण दुकानात दहा ग्रॅमच्या पाकिटात तीन हजारांच्या आसपास बिया असतात. दीड हजाराचं महागातलं पाकीट धरलं तरी एक बी पन्नास पैशांना पडते. हा हिशेब तिथं उभं राहून करा. घरी येऊन करून उपयोग नाही.

आता ज्या क्षणाचा मला आजही संताप येतो तो सांगते. पाकीट म्हणजे साधी पारदर्शक झिपची पिशवी, वर प्रिंटरवर काढलेला कागद चिकटवलेला. मी ती उजेडात धरली. बिया फिकट, अंगावर लव असलेल्या. दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या आणि मधे सालीचा वाळलेला लालसर कपटा. घरी टोमॅटो पिळून वर्तमानपत्रावर बी वाळवलं की ते अगदी असंच दिसतं, मी स्वतः वाळवलेलं आहे! कंपनीचं बी स्वच्छ, सुटं असतं, बहुतेक वेळा औषध चोळून गुलाबी-लाल केलेलं. मी विचारलंसुद्धा, "हे असं का दिसतंय?" तो पटकन म्हणाला, "ऑरगॅनिक आहे मावशी, औषध चोळलेलं नाही. घरात नातवंडं असतील की." आणि मी गप्प बसले. बिनऔषधाचं बियाणं खरोखर मिळतं, आणि घरात लहान पोरं असताना आपण तेच शोधतो. हे ओळखूनच तो बोलला. तो लालसर कपटा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी पर्समधून फोन काढत होते, हे आठवलं की रात्री झोप येत नाही.

फोनवर क्यूआर स्कॅन केला तर फ्लेक्सवरच्या नर्सरीचं नाव नाही, कुणातरी भलत्याच माणसाचं. "आमच्या दाजींचं खातं आहे." तुम्हाला कुणी दाजींचं, मेव्हण्याचं खातं सांगितलं तर तिथूनच पाठ फिरवा. बिल मागितलं तर म्हणाला, पुस्तक संपलंय, व्हॉट्सअॅपवर पाठवतो. बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ प्रमाणे बियाणं विकायला परवाना लागतो आणि बिल देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. पुस्तक संपलं असेल तर विक्रीही बंद, इतकं ते सोपं आहे.

कलमाच्या रोपांचं तसंच. वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम करतात, वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेनं तर एकाच झाडाला वांगी आणि टोमॅटो दोन्ही आणून दाखवलेत. तो फोटो त्यानं मोबाइलवर दाखवला. रोप १५० रुपये, दिवाळीनंतर घरपोच, पैसे आधी. माझ्यासमोर आणखी बायका बुकिंग करत होत्या, म्हणून मीही केलं.

बी उगवलं, जवळजवळ सगळं उगवलं. त्यामुळंच तर संशय यायला उशीर झाला. मग एक झाड दोरी मागत वर चाललं, दुसरं गुडघ्याएवढं होऊन थांबलं. एकाला गोट्यांएवढी गोल फळं, शेजारच्याला लांबट, तिसऱ्याला फुलं येऊन गळून गेली. बऱ्याच झाडांची पानं पांढऱ्या माशीनं वाटीसारखी वळली, जो रोग 'येणारच नाही' म्हणून पैसे मोजले होते तो. शेजारच्या काकूंचे भाऊ मोहोळकडं शेती करतात. ते गच्चीवर आले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "वहिनी, हे दुसऱ्या पिढीचं बी आहे." संकरिताची पहिली पिढी सगळी एकसारखी येते. तिच्याच फळातलं बी लावलं की गुण फुटतात आणि प्रत्येक झाड वेगळं निघतं. म्हणजे मंडईतले टोमॅटो आणून, पिळून, वाळवून त्यानं मला १८ रुपयांना एक बी विकली. कल्चरच्या बाटल्यांना गुळाच्या पाण्याचा वास येत होता, त्यावर जास्त लिहीत नाही.

फोन केला तर पहिल्यांदा "मावशी, ऊन जास्त झालं." मग "मॅडम, मीटिंगमध्ये आहे." दिवाळी झाल्यावर फोन बंद.

आणि आता सरकारी दारं. कृषी कार्यालयातल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "सातबारा आणलाय का?" गच्चीला कुठला सातबारा? "मग पंचनामा कशाचा करू? हे शेतकऱ्यांसाठी असतं मॅडम, कुंड्यांसाठी नाही." मी पाकीट पुढं केलं. "यावर लॉट नंबर नाही, लेबल नाही, तक्रार कशाची घेणार?" अहो, लेबल नाही हीच तर तक्रार आहे! विनापरवाना, विनालेबल बियाणं भर प्रदर्शनात विकलं जातं आणि ज्यांनी पकडायचं तेच म्हणतात लेबल नाही म्हणून पकडता येत नाही. म्हणजे लॉट नंबर छापणाऱ्याला कायदा आणि काहीच न छापणाऱ्याला मोकळं रान?

पोलीस चौकीत सांगितलं, बियाण्याचा विषय कृषी खात्याचा. तिथून परत आलेय म्हटल्यावर म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत ना, मग सायबरकडं जा. तिथं म्हणे, समोरासमोर उभं राहून दिलेत, हे सायबर कसं? प्रदर्शन भरवणाऱ्यांनी हात झटकले, आम्ही फक्त जागा भाड्यानं देतो. भाडं घेतलं ना त्याच्याकडून? मग नाव-पत्ता असणारच, पण तो द्यायला तयार नाहीत. एकानं तर वर ऐकवलं, "चार-पाच हजारच गेलेत की, मॅडम." ४,८६० रुपये आमच्या घरचा महिन्याचा किराणा आहे. आणि त्या टेबलावर दिवसभर किती जणींनी पैसे मोजले असतील, याचा हिशेब कुणी करायचा?

ग्राहक आयोग हा रस्ता उघडा आहे, हे मला उशिरा कळलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. बियाणं घेणारा शेतकरीही ग्राहकच, आणि तपासणीसाठी त्यानं बी जपून ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलेलं आहे. तरी तुम्ही पाकीट आणि चार बिया ठेवाच. झाडांचे फोटो काढा, शेजारी-शेजारी ठेवून. ग्राहक हेल्पलाइन १९१५, ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०, आणि तेही लगेच, माझ्यासारखं दिवाळीपर्यंत थांबू नका.

पाकिटावर प्रमाणित बियाण्याला निळं आणि सत्यप्रत (उत्पादकानं स्वतःच्या हमीवर विकलेल्या) बियाण्याला हिरवं लेबल असतं. त्यावर लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणक्षमता हवी; टोमॅटोला ती किमान ७० टक्के लागते. हे नसेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. घरापुरतं हवं असेल तर राहुरी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हे सरळ (संकरित नसलेले) वाण लावा, त्यांचं बी पुढच्या वर्षी वापरता येतं. अर्का रक्षकच हवा असेल तर थेट संस्थेच्या बियाणे पोर्टलवरून मागवा.

त्या टेबलावरून ज्यांनी घेतलं असेल त्यांनी पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट शोधून ठेवा. खातं त्याच दाजींचं निघालं तर माझ्या अर्जाला तुमचं नाव जोडू. एकटीच्या अर्जावर नुसता शिक्का मारून देतात, पंधरा-वीस जणी मिळून गेलो तर निदान त्या खात्याचा मालक कोण, हे तरी विचारावं लागेल त्यांना.