जर्मनीतल्या लग्नाची कागदपत्रं, साडेअठरा हजारांचं पॅकेज : नऊ महिन्यांनंतर

पाचपैकी दोन स्टार. का, ते सांगते.

मी गिरगावातली, नवरा जर्मन. लग्न तिकडेच, त्याच्या गावच्या श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयात करायचं ठरलं. पासपोर्ट सोडला तर माझ्याकडून मुख्य कागद दोनच हवे होते : जन्मदाखला आणि आधी लग्न झालेलं नाही याचा पुरावा. फोर्टमधल्या एका एजंटकडे गेले. "जर्मनी ना? रोजचं काम आहे मॅडम," म्हणाले आणि पॅकेज गळ्यात मारलं.

काम चोख, हे मान्य. महापालिकेतून जन्मदाखल्याची नवी प्रत, ५०० च्या स्टॅम्पपेपरवर (ऑक्टोबर २०२४ च्या आधी १०० त भागायचं) अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, नोटरी, मंत्रालयातला शिक्का आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावलेलं खरेपणाचं स्टिकर. तीन आठवड्यांत फाइल घरपोच. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये. बाकीचे पैसे धावपळीचे, त्याबद्दल कुरकुर नाही.

कुरकुर ही, की ते अपोस्टिल जर्मनीत चालतच नाही! भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, जर्मनीही आहे. पण भारताच्या प्रवेशावर जर्मनीने हरकत घेतली आणि ती मागे घेतलेली नाही. म्हणून या दोन देशांत करार लागू होत नाही. हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या वेबसाइटवर हे उघड लिहिलंय. रोजचं काम करणाऱ्याला ठाऊक नको? श्टांडेसाम्टच्या बाईंनी त्या स्टिकरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कागद पडताळणीला मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे आले. त्याचा खर्च वेगळा, आणि चार महिने गेले ते गेलेच.

पडताळणी म्हणजे माणूस खरंच दारात येतो. आमच्या चाळीत तो भर दुपारी आला, मी ऑफिसात. त्याने शेजारच्या काकूंना विचारलं, हिचं आधी कुठे लग्न झालंय का? काकू म्हणाल्या, "अहो, चौतिशी आली तरी जमत नव्हतं, तीच तर आम्हा सगळ्यांची काळजी!" इतका भक्कम पुरावा माझ्या प्रतिज्ञापत्रातही नव्हता. आईने मात्र दोन दिवस काकूंशी अबोला धरला.

दुसरी चूक बारीक, पण महागात पडली. दाखल्यावर बाबांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'ए' आहे, माझ्या पासपोर्टात नाही. एजंट म्हणाले, "चालतं हो." नाही चाललं. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं बाबांना वेगळं लिहून द्यावं लागलं. त्यात तिकडच्या बाईंना प्रश्न, मुलीच्या नावात पुरुषाचं नाव कसं? मधलं नाव वडिलांचं असतं, हे मी ईमेलवर तीनदा समजावलं.

भारतात जर्मनांना हवा तसा विवाहक्षमतेचा, म्हणजे लग्नाला कायद्याची आडकाठी नसल्याचा दाखला मिळत नाही, म्हणून तिकडच्या वरच्या कोर्टाकडून सूट घ्यावी लागते. ती सहाच महिने टिकते, तेवढ्यात लग्न उरकायचं. व्हिसासाठी लागणारी जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा मी मधल्या काळात काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात देऊन टाकली. वेळेवर झालेली एवढी एकच गोष्ट.

एजंटकडे अर्धे पैसे परत मागितले. "पॅकेजमध्ये जे होतं ते दिलं ना मॅडम?" दिलं होतं खरं.

मग दोन स्टार तरी का? माझी मावसबहीण इटलीत लग्न करतेय. तिथे आपलं अपोस्टिल चालतं, आणि मीच तिला याच एजंटकडे पाठवलंय. तीन आठवड्यांत फाइल हातात देणारा दुसरा मला माहीत नाही. फक्त स्पेलिंग स्वतः तपास, म्हटलं. तिच्या बाबांचं नाव राम आहे. तरी शेवटी एखादा 'ए' घुसायचा.